जे. के. रोलिंग : कॅफेतली दंतकथा आणि सतरा वर्षांचे काम

मंजिरी_माटुंगा (धागाकर्ती)

हॅरी पॉटरचे नाव न ऐकलेला शाळकरी वाचक मुंबईत आता सापडणे कठीण आहे, आणि त्याच्या लेखिकेची जीवनकथाही जवळपास तितकीच पाठ झालेली आहे. खोळंबलेली रेल्वेगाडी, एडिंबरोमधली गारठलेली खोली, मांडीवर तान्हे मूल, कॅफेतल्या कागदी रुमालावर खरडलेली प्रकरणे, बारा प्रकाशकांकडून साभार परत आलेले हस्तलिखित आणि त्यानंतर अमाप पैसा, हा क्रम व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांतून आणि सकाळी येणाऱ्या व्हॉट्सॲप संदेशांतून आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्यात रोलिंग यांच्या जागी दुसरे कोणाचेही नाव घातले तरी चालून जाईल. त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत विचार करण्याजोगा भाग मात्र या सांगण्यातून गळून जातो, असे माझे मत आहे. सात पुस्तकांचा आराखडा डोळ्यांपुढे ठेवून सतरा वर्षे चाललेले काम, आणि पडत्या काळात ते काम ज्या सार्वजनिक व्यवस्थांनी तगवून धरले त्या व्यवस्था, यांवर येथे चर्चा व्हावी म्हणून आधी चरित्र मांडते.

जोॲन रोलिंग यांचा जन्म ३१ जुलै १९६५ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात येट या गावी झाला. वडील रोल्स-रॉइसमध्ये विमानांच्या इंजिनांचे काम करणारे अभियंते होते. आईवडिलांची पहिली भेट लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून सुटलेल्या गाडीत झाली होती. कादंबऱ्यांतली जादूच्या शाळेची गाडी त्याच स्थानकावरून सुटते. रोलिंग पंधरा वर्षांच्या असताना आईला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचे निदान झाले. एक्सेटर विद्यापीठातून फ्रेंच आणि प्राचीन ग्रीक-रोमन साहित्य या विषयांत त्या १९८६ मध्ये पदवीधर झाल्या आणि पुढे लंडनमध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या आफ्रिकाविषयक संशोधन विभागात काम करू लागल्या. छळ सोसलेल्या माणसांच्या जबान्या वाचण्याच्या या नोकरीविषयी त्या २००८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील भाषणात विस्ताराने बोलल्या आहेत. मालिकेच्या उत्तरार्धात सरकारी खात्याची मुजोरी, खोटे खटले आणि सामान्य माणसांची दहशत यांची वर्णने मुलांच्या पुस्तकात सहसा न आढळणाऱ्या अचूकपणे उतरली आहेत, त्याचे मूळ मला या नोकरीत दिसते.

१९९० मध्ये मँचेस्टरहून लंडनला येणारी गाडी रखडली असताना त्यांना हॅरीची कल्पना सुचली, हे खरे आहे. त्याच वर्षी ३० डिसेंबरला आई वयाच्या ४५व्या वर्षी वारली, आणि लेक सहा महिन्यांपासून काय लिहीत आहे हे तिला कळलेच नाही. गेलेल्या आईवडिलांना आरशात पाहत बसणाऱ्या मुलाचे प्रकरण त्यानंतर पोर्तुगालमध्ये लिहिले गेले. पोर्तो शहरात इंग्रजी शिकवण्याची नोकरी, १९९२ मध्ये तेथील पत्रकाराशी विवाह, जुलै १९९३ मध्ये मुलीचा जन्म, नोव्हेंबरात ताटातूट आणि डिसेंबरात धाकट्या बहिणीच्या आधाराने एडिंबरो, असे सगळे तीन वर्षांत घडले. त्या वेळी सामानात हॅरीची तीन प्रकरणे होती.

एडिंबरोमध्ये नैराश्याने त्यांना गाठले. उपचार घेत आणि आठवड्याला सुमारे ७० पौंड सरकारी भत्त्यावर राहत त्यांनी १९९५ मध्ये पहिले पुस्तक पुरे केले. लगोलग शिक्षिकेची पात्रता मिळवण्यासाठी प्रशिक्षणही घेतले आणि फ्रेंच शिकवू लागल्या. क्रिस्टोफर लिटल यांच्या साहित्यसंस्थेत ही संस्था मुलांची पुस्तके घेत नाही म्हणून हस्तलिखित नाकारलेल्या कागदांत पडले होते; तेथे काम करणाऱ्या एका तरुणीने ते उचलून वाचले. बारा प्रकाशकांच्या नकारानंतर ब्लूम्सबरीचे बॅरी कनिंगहॅम यांनी ते १,५०० पौंडांच्या आगाऊ मानधनावर घेतले आणि लेखिकेला नोकरी न सोडण्याचा सल्ला दिला, कारण मुलांच्या पुस्तकांवर घर चालत नाही हा त्या व्यवसायातला सर्वमान्य अनुभव होता. ब्लूम्सबरीचे अध्यक्ष नायजेल न्यूटन यांच्या आठ वर्षांच्या मुलीने पहिले प्रकरण वाचून पुढचे मागितले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे आणि सुदैवाने खरीही आहे. मुलगे बाईचे पुस्तक घेणार नाहीत या धास्तीने प्रकाशकाने आद्याक्षरे सुचवली. मधले नाव नसल्यामुळे रोलिंग यांनी आजीच्या कॅथलीन या नावातला ‘के’ घेतला.

२६ जून १९९७ रोजी ‘हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन’ प्रकाशित झाले तेव्हा पुठ्ठा बांधणीच्या अवघ्या ५०० प्रती काढल्या होत्या आणि त्यांतला मोठा वाटा सार्वजनिक ग्रंथालयांत गेला. त्याच वर्षी स्कॉटिश कला परिषदेने पुढच्या लेखनासाठी ८,००० पौंडांचे अनुदान दिले, आणि अमेरिकेतील हक्कांच्या लिलावात स्कोलॅस्टिकचे आर्थर लेव्हिन यांनी १,०५,००० डॉलर मोजले. त्यानंतरचा प्रवास वेगाचा आहे: १९९८, १९९९ आणि २००० या वर्षांत दरवर्षी एक पुस्तक, मग २००३, २००५ आणि २१ जुलै २००७ रोजी सातवे. आज मालिकेच्या ६० कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत आणि ऐंशीहून अधिक भाषांत ती पोहोचली आहे; मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने पहिले पुस्तक मंजुल प्रकाशनाने आणले.

माझ्या म्हणण्याला आधार स्वतः रोलिंग यांचाच आहे. २०१० मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये एकल मातांविषयी लिहिताना त्यांनी कर वाचवण्यासाठी देश का सोडला नाही याचे कारण दिले होते: आपण तळाशी असताना ज्या कल्याणकारी व्यवस्थेने आपल्याला झेलले तिचे आपण देणे लागतो. यशोगाथा सांगणारे वक्ते नेमके हे वाक्य कधीच सांगत नाहीत.

सव्यसाची

दंतकथेविषयी थोडी भर घालतो, कारण तिच्यावर एक पूर्ण पर्यटन व्यवसाय उभा आहे. एडिंबरोमधील ‘द एलिफंट हाउस’ हे कॅफे अनेक वर्षे हॅरी पॉटरचे जन्मस्थान म्हणून मिरवले गेले. रोलिंग यांनी २०२० मध्ये ट्विटरवर स्पष्ट केले की तेथे त्यांनी लेखन केले असले तरी त्याआधी काही वर्षे मालिकेचे काम चालू होते, आणि कागदावर पहिली ओळ उतरली ती लंडनमध्ये क्लॅपहॅम जंक्शन येथील एका दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत. पोर्तोमधील लेलो या देखण्या पुस्तकालयाच्या जिन्यावरून जादूच्या शाळेचा जिना सुचला, असे तेथे जाऊन आलेले आपले मुंबईकर हमखास सांगतात. त्या दुकानात आपण कधी पाऊलही ठेवले नव्हते, असे रोलिंग यांनी त्याच सुमारास सांगून टाकले.

गारठलेल्या खोलीची गोष्ट तर त्यांना चांगलीच झोंबलेली दिसते. ऐन हिवाळ्यात एडिंबरोमध्ये शेगडीविना घर भाड्याने घेण्याइतक्या आपण मूर्ख नव्हतो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले आहे. कॅफेत जाण्याचे कारण साधे होते: बाबागाडीत फिरवले की बाळ झोपी जाई आणि जवळच्या कॅफेत एका कॉफीवर तासभर लिहिता येई. त्यांपैकी निकल्सन्स हे कॅफे त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याच्या भागीदारीतले होते, त्यामुळे उठा म्हणणारे कोणी नव्हते. मूल झोपल्यावर मिळणाऱ्या तासांत काम उरकणे ज्यांनी केले आहे त्यांना यात चमत्कार दिसणार नाही.

दीक्षित_पार्ले

मंजिरीताई, चरित्र उत्तम मांडले आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. त्या काळात ब्रिटनमध्ये भत्त्यावर राहणारे लाखो लोक होते. त्यांच्यातून रोलिंग एकच झाल्या. स्कॉटिश परिषदेचे अनुदान आले तेव्हा ब्लूम्सबरीशी करार आधीच झालेला होता. त्यांना पूर्ण वेळ लेखिका केले ते अमेरिकन प्रकाशकाच्या लिलावातील बोलीने, म्हणजे निखळ बाजाराने. क्रिस्टोफर लिटल यांनी ब्लूम्सबरीला मर्यादित हक्क दिले आणि बाकीचे स्वतंत्रपणे विकण्यासाठी राखून ठेवले. ही व्यापारी दूरदृष्टी नसती तर कोणतेही ग्रंथालय त्यांना श्रीमंत करू शकले नसते. सरकारी मदतीमुळे लेखक घडतात असे म्हणायचे असेल, तर आपल्याकडे दरवर्षी पुरस्कार आणि अनुदाने घेणारी मराठी बालसाहित्याची पुस्तके कोठे आहेत, हेही सांगावे लागेल.

मंजिरी_माटुंगा (धागाकर्ती)

दीक्षित, श्रीमंती आणि पुस्तक या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. श्रीमंती बाजाराने दिली याविषयी वादच नाही. पण १९९३ चा डिसेंबर ते १९९५ या काळात बाजाराला या बाईंच्या अस्तित्वाचा पत्ता नव्हता, आणि पुस्तक नेमके त्याच काळात पुरे झाले. भत्ता लेखक घडवतो असे मी म्हटलेले नाही. हाती तीन प्रकरणे असलेल्या एका आजारी, एकट्या आईला पुढची प्रकरणे लिहीपर्यंत त्याने घरात ठेवले. २००० पासून त्या एकल पालकांच्या राष्ट्रीय संस्थेचे काम करू लागल्या आणि त्यांनी तिला पाच लाख पौंड दिले, ते या अनुभवातूनच.

ग्रंथसखा_गोरेगाव

मी उपनगरातील एका मराठी ग्रंथालयात बालविभाग पाहतो, त्यामुळे ग्रंथालयांच्या मुद्द्यावर लिहिणे मला भाग आहे.

ब्रिटनमध्ये एक योजना आहे जिचा उल्लेख अशा चर्चांत फारसा येत नाही. १९७९ च्या कायद्याने तेथे लेखकाचे पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयातून जितक्या वेळा घरी नेले जाईल तितक्या वेळा त्याला काही पेन्स मिळण्याची तरतूद झाली. एका लेखकाला वर्षाला कमाल ६,६०० पौंडांची मर्यादा ठेवली आहे, म्हणजे रोलिंग यांच्यासारख्या लेखकांनी सारा निधी गिळू नये आणि मधल्या फळीतल्या लेखकांना काही हाती लागावे. ग्रंथालयातून पुस्तक वाचले गेल्याने लेखकाचे नुकसान होते हा जो समज आपल्या प्रकाशकांत अधूनमधून डोके वर काढतो, त्याला यापेक्षा चांगले उत्तर माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे अशी योजना नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, ‘अ’ ते ‘ड’ वर्गांनुसार ग्रंथालयांना अनुदान मिळते, राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाकडून ग्रंथखरेदी होते. या सर्व व्यवस्थेत पुस्तक विकत घेतले जाते, पण ते मुलाने वाचले की नाही याच्याशी लेखकाच्या मिळकतीचा संबंध राहत नाही.

दीक्षितांच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे, असे मला वाटते. रोलिंग यांना १९९७ मध्ये मिळालेला नेस्ले स्मार्टीज पुरस्कार प्रौढ परीक्षकांनी निवडलेल्या यादीतून शाळकरी मुलांच्या मतांनी ठरत असे. त्यांनी तो सलग तीन वर्षे मिळवला आणि चौथ्या वर्षी इतरांना संधी मिळावी म्हणून पुस्तक स्पर्धेत पाठवू दिले नाही. राज्य शासनाचे बालवाङ्मय पुरस्कार किंवा २०१० पासून दिला जाणारा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार यांची प्रतिष्ठा मोठी आहे, पण त्यांत मुलांना मत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही आमच्या कपाटात टिकत नाही, सतत बाहेर असतो, आणि त्याला तेथे कोणत्याही समितीने पाठवलेले नाही. मुलांनी निवडलेले पुस्तक आणि मुलांसाठी निवडलेले पुस्तक यांतला फरक वर्गणीच्या वहीपेक्षा देवघेवीच्या नोंदीत लगेच कळतो.

पहिल्या ५०० प्रतींपैकी एक प्रत डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत लिलावात ४,७१,००० डॉलरना गेली. ग्रंथालयांत गेलेल्या प्रती मुलांनी फाडेपर्यंत वाचल्यामुळेच धडधाकट प्रत इतकी दुर्मीळ झाली आहे.

केतकी_प्रभादेवी

ग्रंथसखा यांच्याशी पूर्ण सहमत. मुखपृष्ठाचीही अशीच गोष्ट आहे. टॉमस टेलर हे चित्रकार तेव्हा केंब्रिजमध्ये मुलांच्या पुस्तकांच्या दुकानात काम करत होते आणि हे त्यांचे सुरुवातीचेच काम होते. त्या मूळ जलरंगचित्राला २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९ लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

अरण्यऋषी

धागा वाचताना असे वाटते आहे की लेखिकेच्या कष्टांच्या कौतुकात पुस्तकांची परीक्षा मागे पडते आहे. जुलै २००० मध्ये समीक्षक हॅरल्ड ब्लूम यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये साडेतीन कोटी ग्राहक चुकू शकतात का असा प्रश्न विचारून ‘होय’ असे उत्तर दिले होते. त्यांच्या मते भाषा घासून गुळगुळीत झालेल्या शब्दप्रयोगांची होती. मला त्याहून गंभीर वाटतो तो पूर्वसूरींचा प्रश्न. जादूगारांच्या शाळेत शिकणारा आणि स्वतःच्या सावलीशी झुंजणारा मुलगा अर्सुला ले ग्विन यांनी १९६८ मध्येच ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये रंगवला होता. जिल मर्फी यांची चेटकिणींच्या शाळेची पुस्तके १९७४ पासून ब्रिटिश मुलांच्या हातात होती. वसतिगृहाच्या शाळेची कथा तर एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली. ले ग्विन यांनी चौर्याचा आरोप कधी केला नाही, पण रोलिंग यांनी आपल्या आधीच्या लेखकांविषयी अधिक उदारपणे बोलायला हवे होते, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती मला रास्त वाटते.

मंजिरी_माटुंगा (धागाकर्ती)

ती तक्रार मलाही अंशतः पटते. एडिथ नेस्बिट आणि एलिझाबेथ गूज यांचे ऋण रोलिंग यांनी अनेकदा मान्य केले आहे. ले ग्विन यांच्या बाबतीत तसे झाले नाही. मात्र मालिकेचे सामर्थ्य मला जादूच्या शाळेत दिसतच नाही. ते रहस्यकथेच्या बांधणीत आहे. पहिल्या तीन पुस्तकांत प्रत्येकी एक गुन्हा, संशयितांची एक यादी आणि शेवटी अनपेक्षित अपराधी, अशी रचना आहे. दुसऱ्या पुस्तकात सहज वाटणाऱ्या रोजनिशीचा खरा अर्थ सहाव्या पुस्तकात उलगडतो, आणि तो उलगडल्यावर वाचकाला मागे जाऊन सगळे पुन्हा वाचावे लागते. असे करायचे तर शेवट आधी ठाऊक असावा लागतो. चौथे पुस्तक लिहिताना अर्ध्या वाटेवर कथानकात मोठे भोक सापडले, एक संपूर्ण पात्र काढून टाकावे लागले आणि नववे प्रकरण तर पुन्हा पुन्हा लिहावे लागले, हे त्यांनीच सांगितले आहे. त्यानंतर त्यांनी मुदत घालून घेण्यास नकार दिला आणि पाचव्या पुस्तकासाठी तीन वर्षे घेतली. जगभरातले पुस्तक विक्रेते हात पुढे करून उभे असताना तीन वर्षे थांबणे हा निर्णय मला बारा नकारांपेक्षा अवघड वाटतो.

ब्लूम यांच्याविषयी इतकेच म्हणेन की वाक्य सुबक नाही हे खरे. कथानक कसे बांधले आहे याकडे त्यांनी पाहिलेच नाही.

वकील_ठाणेकर

हक्कांचा विषय दीक्षितांनी काढला आहे म्हणून भारतातल्या दोन प्रकरणांची नोंद करतो. २००७ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागातील एका दुर्गापूजा मंडळाने जादूच्या शाळेच्या किल्ल्याची प्रतिकृती असलेला मंडप उभारला. रोलिंग, वॉर्नर ब्रदर्स आणि पेंग्विन इंडिया यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन २० लाख रुपयांची भरपाई मागितली. न्यायालयाने उत्सव संपेपर्यंत मंडप राहू दिला. आपल्याकडे गणपतीच्या आराशीत कोणत्या चित्रपटाचे कोणते दृश्य उभे राहत नाही, हे लालबाग-परळच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही, त्यामुळे या खटल्याकडे मुंबईतल्या मंडळांचेही लक्ष असणार.

दुसरे प्रकरण मुंबईचेच आहे. २००८ मध्ये ‘हरि पुत्तर’ नावाच्या विनोदी हिंदी चित्रपटाविरुद्ध वॉर्नर ब्रदर्सने मिर्ची मूव्हीज या मुंबईतील निर्मात्या कंपनीवर दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई हुकूम नाकारताना दोन कारणे दिली: नावाची माहिती बऱ्याच आधीपासून असूनही कंपनी उशिरा न्यायालयात आली, आणि हॅरी पॉटरचा वाचक इतका जाणकार असतो की पंजाबी धाटणीच्या त्या नावाने त्याची फसगत होणार नाही. ठरलेले प्रदर्शन दाव्यामुळे लांबले आणि चित्रपट सप्टेंबरच्या अखेरीस लागला.

त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयात मात्र रोलिंग जिंकल्या होत्या. मालिकेचा कोश रचणाऱ्या एका चाहत्याच्या पुस्तकात मूळ मजकूर गरजेपेक्षा जास्त उचलला आहे, असा निकाल लागला; भरपाई अवघी ६,७५० डॉलर होती, आणि कोश सुधारून पुढल्या वर्षी प्रकाशितही झाला. या तिन्ही दाव्यांत पैसा गौण दिसतो. आपण रचलेल्या जगावर अंतिम शब्द आपला असावा हा आग्रह मात्र सर्वत्र आहे. चित्रपटांतील कलाकार ब्रिटिशच असावेत हा हट्ट, शीतपेय कंपनीने प्रायोजक व्हायचे तर मुलांच्या वाचनासाठी १ कोटी ८० लाख डॉलर द्यावेत ही अट, आणि ई-पुस्तकांचे हक्क स्वतःकडे ठेवून २०१२ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळावरून केलेली विक्री, या सगळ्यांत तोच आग्रह आहे.

सव्यसाची

फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मिळणाऱ्या चोरट्या आवृत्त्यांवर या आग्रहाचा काही परिणाम झाल्याचे दिसले नाही. मधली सोळा पाने उलटी शिवलेल्या प्रती वाचून मोठे झालेले बरेच जण हा धागा वाचत असतील.

नीरजा_परळ

रॉबर्ट गॅलब्रेथ या टोपणनावाचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, आणि मंजिरीताईंच्या मूळ मुद्द्यासाठी तो सर्वांत उपयोगी आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये रोलिंग यांनी या नावाने ‘द कुकूज कॉलिंग’ ही गुप्तहेरकथा प्रकाशित केली. समीक्षकांनी ती वाखाणली, पण जुलैमध्ये ‘संडे टाइम्स’ने लेखकाचे खरे नाव उघड करेपर्यंत पुठ्ठा बांधणीच्या सुमारे १,५०० प्रती खपल्या होत्या. ते हस्तलिखितही काही प्रकाशकांनी परत पाठवले होते; एकाने तर लेखकाला लेखनवर्गाचा विचार करावा असे सुचवले होते. नाव फुटले आणि पुस्तक रातोरात विक्रीच्या यादीत शिखरावर गेले. मजकूर एका अक्षरानेही बदललेला नव्हता. चांगले पुस्तक आपोआप वाचकापर्यंत पोहोचते हा समज इतक्या स्वच्छपणे तपासला गेल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. १९९७ मध्ये ग्रंथालये, शाळा आणि मुलांचा पुरस्कार नसता तर पहिल्या हॅरी पॉटरचीही गत वेगळी झाली नसती.

दीक्षित_पार्ले

नीरजाताई, हा मुद्दा जोरकस आहे. तरीही १,५०० प्रती म्हणजे अपयश नव्हे. अनोळखी लेखकाच्या पहिल्या गुप्तहेरकथेसाठी तीन महिन्यांत ती बरी विक्री आहे, आणि मालिका म्हणून ती हळूहळू वाढलीही असती. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागतात.

सागर_विक्रोळी

रोलिंग यांच्याविषयी लिहायचे आणि ट्रान्स व्यक्तींबाबतच्या त्यांच्या भूमिकेवर बोलायचे नाही, हे बरोबर वाटत नाही. ज्या मुलांनी वेगळे असण्याचे धैर्य या पुस्तकांतून घेतले त्यांपैकी अनेकांना त्या भूमिकेने दुखावले आहे.

मंजिरी_माटुंगा (धागाकर्ती)

सागर, तो कारकिर्दीचाच भाग आहे, त्यामुळे टाळण्याचे कारण नाही. डिसेंबर २०१९ पासून आणि विशेषतः जून २०२० मधल्या दीर्घ लेखापासून रोलिंग यांनी जैविक लिंगाच्या आधारावर स्त्रियांचे हक्क आणि राखीव जागा ठरल्या पाहिजेत अशी भूमिका घेतली आहे. त्या लेखात त्यांनी पहिल्या विवाहातील हिंसेचा आणि लैंगिक अत्याचाराचा उल्लेख करून आपली भीती कोठून येते ते सांगितले. डॅनियल रॅडक्लिफ, एमा वॉटसन आणि रुपर्ट ग्रिंट या तिन्ही प्रमुख कलाकारांनी जाहीरपणे त्यांच्याशी मतभेद नोंदवला, आणि वाचकांचा मोठा वर्ग दुरावला; दुसरा मोठा वर्ग त्यांच्या पाठीशी उभा आहे. मला स्वतःला त्यांचे लेखन त्यांच्या या भूमिकेपेक्षा अधिक उदार वाटते. पण लेखिकेने आपल्या पुस्तकांचा अर्थ वाचकांच्या इच्छेप्रमाणे लावावा अशी अपेक्षा मी ठेवू शकत नाही, तसेच वाचकांनीही तिच्यासाठी आपले दुखणे गिळावे असे म्हणू शकत नाही. या विषयाला स्वतंत्र धागा लागेल.

त्यांच्या दानाविषयी मात्र येथेच लिहिते, कारण त्याची नोंद कमी होते. एका चेक संस्थेत पिंजऱ्यात ठेवलेल्या मुलाचे छायाचित्र २००४ मध्ये वर्तमानपत्रात पाहून त्यांनी जे काम सुरू केले त्यातून ‘लुमोस’ ही संस्था उभी राहिली. मुलांना अनाथालयांत ठेवण्याऐवजी कुटुंबांत परत पाठवणे हे तिचे उद्दिष्ट आहे. २०१० मध्ये आईच्या नावाने एडिंबरो विद्यापीठात मज्जासंस्थेच्या विकारांवरील उपचार आणि संशोधनासाठी १ कोटी पौंड दिले आणि २०१९ मध्ये आणखी १ कोटी ५३ लाख.

शुभांगी_मुलुंड

चर्चा उत्तम चालली आहे. एक व्यावहारिक प्रश्न विचारते. माझा मुलगा पाचवीत आहे, मराठी शाळेत शिकतो आणि पहिली दोन पुस्तके मराठीतून वाचून झाली आहेत. आता त्याला सलग सगळी वाचायची आहेत. चौथ्या पुस्तकात मृत्यू आणि छळ आहे असे ऐकले आहे. थांबवावे का?

ग्रंथसखा_गोरेगाव

शुभांगीताई, तिसरे पुस्तक निःशंकपणे द्यावे. आमच्या बालविभागातील मुलांना सर्वांत जास्त तेच आवडते. त्यातले आनंद शोषून घेणारे पहारेकरी रोलिंग यांनी स्वतःच्या नैराश्यावरून रचले आहेत, आणि मुले त्यांना घाबरली तरी त्यांच्यावरचा उपायही त्याच पुस्तकात असल्यामुळे सावरतात. चौथ्यापाशी मात्र थोडे थांबणे योग्य. मूळ इंग्रजी आवृत्तीत पहिले पुस्तक २२३ पानांचे आहे, चौथे ६३६ आणि पाचवे ७६६. नायक दर पुस्तकात एका वर्षाने वाढतो आणि लेखिकेने धरलेला वाचकही त्याच्याबरोबर वाढतो. १९९७ मध्ये दहा वर्षांचा असलेला वाचक शेवटचे पुस्तक आले तेव्हा वीस वर्षांचा होता. आजच्या मुलांपुढे सातही पुस्तके एकदम येतात, ही अडचण लेखिकेने योजलेली नव्हती. चौथ्या पुस्तकाच्या अखेरीस एका शाळकरी मुलाचा खून होतो आणि त्यावर सांत्वनाचा मुलामा दिलेला नाही.

थांबवायचे असेल तर मधल्या काळात हातात दुसरे काही द्यावे लागेल, नाहीतर मूल स्वतःच चौथे शोधून काढते. अरण्यऋषींनी सुचवलेले ‘अर्थसी’ इंग्रजी वाचायला लागल्यावर, सातवीच्या पुढे ठीक. आत्ता फास्टर फेणे द्या, आणि सहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत चौथे सुरू करून शेवटची काही प्रकरणे शक्यतो तुम्ही त्याच्यासोबत बसून वाचा.

शुभांगी_मुलुंड

आभारी आहे. फास्टर फेणे त्याने आधीच संपवला आहे, त्यामुळे दिवाळीपर्यंत तग धरणे अवघड दिसते. आणखी काही मराठी नावे असतील तर कृपया सुचवावीत.